नारा नगरीत एक दिवस पायी

परदेशी जाणारा मनुष्य बहुधा नवलाई पाहण्याच्या ओढीने जातो. आम्हीही त्याच ओढीने जपानला गेलो होतो. परंतु नारा येथे पायी हिंडून घालवलेल्या एका दिवसाने आमची अपेक्षा पार उलटीपालटी करून टाकली. तेथे आम्हांस भेटले ते बहुतेक आपलेच : इंद्र, ब्रह्मा, गरुड, गंधर्व आणि एक दुःखी चेहऱ्याचा असुर. शिवाय एका अशा भारतीय माणसाची ओळख झाली, ज्याचे नाव आम्ही शाळेत कधी ऐकले नव्हते आणि जो आपल्या घरून निघाला तो पुन्हा कधीच परतला नाही. त्या दिवसाची ही हकीकत आहे.

क्योतो किंवा ओसाका येथून आगगाडीने पाऊण तासाच्या आत नारा येते. इ. स. ७१० ते ७८४ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, हे नगर जपानची राजधानी होते. त्या वेळचे त्याचे नाव हेइजो. चीनमधील चांगआन या राजधानीचा आराखडा समोर ठेवून ते वसवले गेले. पुढे राजधानी हलली, राजवाड्यांच्या जागी शेते झाली. मंदिरे मात्र जागच्या जागी राहिली. १९९८ साली युनेस्कोने येथील प्राचीन वास्तूंचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांपैकी पुष्कळशा वास्तू शहराच्या पूर्व भागात एकमेकींच्या इतक्या निकट आहेत की, सकाळी निघालेला माणूस सात-आठ किलोमीटर चालून संध्याकाळपर्यंत त्या पाहून परत येऊ शकतो. वाटाड्याची गरज नाही. स्थानकावर नकाशा मिळतो आणि वाटा सुरक्षित आहेत. पायांत सहज काढता-घालता येतील अशी पादत्राणे मात्र असावीत, कारण कित्येक सभागृहांत ती बाहेर ठेवावी लागतात.

नोव्हेंबरचा आरंभ होता. मेपलची पाने तांबूस होऊ लागली होती. आम्ही तिघे होतो : मी, पत्नी आणि आमची अकरा वर्षांची मुलगी. निघण्यापूर्वी मुलीला दोन खुणा सांगून ठेवल्या. ज्या नावाच्या शेवटी ‘जी’ येते ते बौद्ध मंदिर. ज्याच्या शेवटी ‘जिंजा’ किंवा ‘ताइशा’ येते ते शिंतो देवस्थान. शिंतो देवस्थानाच्या वाटेवर दोन खांबांची आणि दोन आडव्या तुळयांची, आपल्या तोरणाची आठवण करून देणारी ‘तोरी’ नावाची कमान असते. तेथे हात व तोंड धुऊन, दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकायचे. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नाही. नुसते हात जोडायचे. “म्हणजे एका ठिकाणी देवाला हाक मारायची आणि दुसऱ्या ठिकाणी गप्प बसायचे,” असे तिने त्याचे सार काढले. दिवसभर ते सूत्र आम्हांला पुरले.

पहिला मुक्काम सारुसावा नावाच्या तळ्याचा. तळे लहानसेच, चहूकडे विलोची झाडे, आणि दगडांवर ऊन खात बसलेली कासवे. ‘सारु’ म्हणजे वानर. भगवान बुद्धांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या वैशालीजवळच्या मर्कटह्रदावरून ह्या तळ्यास हे नाव दिले, अशी परंपरा आहे. वैशालीचे ते स्थान आज बिहारमध्ये, अशोकस्तंभाच्या शेजारी दाखवतात. पकडलेले मासे व कासवे पाण्यात सोडून देऊन जीवदान देण्याचा एक बौद्ध विधी आहे. त्यासाठी आठव्या शतकात हे तळे खोदले गेले. बिहारमधल्या एका तळ्याचे नाव समुद्रापार येऊन बाराशे वर्षे टिकले, ही गोष्ट मनात ठेवूनच आम्ही तळ्याकाठच्या पायऱ्या चढून वर गेलो.

वर कोफुकुजी आहे. राजधानी नाराला आली तेव्हा फुजिवारा ह्या बलाढ्य घराण्याने आपले कुलमंदिर येथे आणले. त्याचा पाचमजली लाकडी स्तूप पन्नास मीटर उंच आहे. ७३० साली तो प्रथम उभारला गेला आणि त्यानंतर पाच वेळा जळाला; आजचा १४२६ सालचा आहे. २०२३ साली त्याच्या मोठ्या दुरुस्तीची सिद्धता सुरू झाली आणि आम्ही गेलो तेव्हा तो मचाणांत लपला होता. मुलगी थोडी हिरमुसली. तिला मी सांगितले की, ह्या स्तूपावर याहून वाईट दिवस येऊन गेले आहेत. १८६८ साली नव्या राजवटीने शिंतो व बौद्ध ह्यांची शतकानुशतकांची सरमिसळ कायद्याने मोडली. कोफुकुजीचे भिक्षू पांगले, भिंती पाडल्या गेल्या आणि हा स्तूपसुद्धा क्षुल्लक किमतीला विकायला निघाला होता, असे सांगतात. तो वाचला म्हणून आज त्याच्याभोवती मचाण बांधता येत आहे.

मंदिराच्या संग्रहगृहात तो असुर उभा आहे. जपानी लोक त्याला ‘आशुरा’ म्हणतात. तीन मुखे, सहा हात, उंची साधारण दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढी. ७३४ साली, सम्राज्ञी कोम्योच्या आईच्या प्रथम वर्षश्राद्धाच्या निमित्ताने, बुद्धाचे रक्षण करणाऱ्या आठ गणांच्या मूर्ती घडवण्यात आल्या, त्यांपैकी ही एक होय. सोबतीस गरुड आहे, गंधर्व आहे, किन्नर आहे. केवळ उच्चार बदलले आहेत. गरुडाचा ‘कारुरा’ झाला आहे, पण चोच शाबूत आहे. मूर्तींची घडण मोठी कुशल आहे. आधी मातीचा गाभा करायचा, त्यावर लाखेच्या जातीच्या झाडाच्या चिकात भिजवलेले तागाचे कापड थरावर थर चढवायचे, वाळल्यावर आतील माती काढून टाकून लाकडी सांगाडा बसवायचा. मूर्ती आतून पोकळ राहते आणि वजन अगदी कमी, सुमारे पंधरा किलो, भरते. मंदिराला वारंवार आगी लागल्या. एवढी हलकी मूर्ती उचलून बाहेर पळवणे भिक्षूंना शक्य होते. अवजड मूर्ती जळाल्या. हा असुर वाचला.

“बाबा, असुर म्हणजे राक्षस ना? मग हा रडवेला का दिसतो?” मुलीने विचारले.

त्याच्या भुवया किंचित आकुंचित आहेत. दृष्टी दूर कोठे तरी लागली आहे. देवांशी अखंड युद्ध करणारा हा असुर बुद्धवचन ऐकून शांत झाला आणि धर्मरक्षक बनला, अशी बौद्धांची समजूत आहे. मी तसे सांगितले. पत्नी म्हणाली, “भांडून थकल्यावर माणूस असाच दिसतो.” मला माझ्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर अधिक पटले.

तेथून पूर्वेस निघाले की हरणांचे राज्य सुरू होते. नारा उद्यानात हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात. कासुगा देवस्थानचा एक देव पांढऱ्या हरणावर बसून येथे आला, अशी कथा असल्यामुळे ती देवाचे दूत मानली जातात. १९५७ पासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून कायद्याचेही संरक्षण आहे. त्यांच्यासाठी साखर न घातलेल्या पातळ चकत्या विकत मिळतात. हरीण मान लवून नमस्कार करते. चकती मिळेपर्यंत दोनदा, तीनदा करते. त्यानंतरही ती मिळाली नाही, तर सदऱ्याचे टोक ओढते. बुद्धाने पहिला उपदेश केला तो सारनाथचा मृगदाव आठवल्यावाचून राहत नाही. पण येथील हरणांनी आपले माहात्म्य शिंतो देवाकडून मिळवले आहे. दोन धर्म एकाच कुरणात कसे चरतात, ते येथे समजते.

हरणांच्या घोळक्यातून वाट काढीत आपण तोदाइजीच्या दक्षिण महाद्वाराशी येतो. हे द्वार ११९९ साली पुन्हा बांधले गेले. आधीचे मंदिर ११८० च्या यादवी युद्धात जळाले होते. त्याच्या जीर्णोद्धाराची धुरा चोगेन नावाच्या साठी उलटलेल्या भिक्षूने उचलली. त्याने आणलेल्या भक्कम, उघड्या तुळयांच्या बांधणीस जपानी अभ्यासक पुष्कळ काळ ‘तेंजिकु’ पद्धत म्हणत असत. तेंजिकु म्हणजे भारत! वस्तुतः ही पद्धत दक्षिण चीनमधून आली होती आणि पुढे अभ्यासकांनी नाव बदलले. परंतु दूरचे व भव्य ते भारताचे असणार, ही समजूत त्या नावामागे होती.

द्वाराच्या दोन बाजूंस आठ मीटरहून उंच असे दोन लाकडी द्वारपाल आहेत. उन्केई आणि काइकेई ह्या शिल्पकारांनी आपल्या सहकाऱ्यांसह ते १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत उभे केले. एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. उघड्या तोंडाचा ‘अ’ म्हणतो आणि मिटल्या तोंडाचा ‘हूं’; म्हणजे वाणीचा आरंभ आणि वाणीचा शेवट. एकमेकांचा श्वास जुळलेल्या माणसांना जपानी भाषेत आजही ‘आ-उन’ची जोडी म्हणतात. आपल्या वर्णमालेतला पहिला स्वर अशा रीतीने त्यांच्या नित्याच्या बोलण्यात जाऊन बसला आहे.

आणि मग महाबुद्धाचे मंदिर. सध्याची वास्तू १७०९ सालची आहे. तिची रुंदी ५७ मीटर आहे. आठव्या शतकातील मूळची याहून सुमारे दीडपट रुंद होती. आत पंधरा मीटर उंचीची वैरोचन बुद्धाची ब्राँझची मूर्ती पद्मासनस्थ आहे. तिचा इतिहास दुःखातून सुरू होतो. ७३५ ते ७३७ ह्या वर्षांत देवीच्या साथीने जपानात हाहाकार उडवला. दरबारातील मोठमोठे पुरुषही त्यात गेले. सम्राट शोमूने ७४३ साली ही मूर्ती घडवण्याचा संकल्प सोडला. त्याच्या आज्ञापत्रातील एक गोष्ट फार हृद्य आहे : कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन साहाय्यास आला, तरी त्याला परत पाठवू नये, असे त्याने बजावले होते.

मूर्ती झाली, तिचे डोळे उघडायचे राहिले. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन असते, तसाच हा विधी. ७५२ सालच्या चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी, हजारो भिक्षूंच्या उपस्थितीत, बुद्धाच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्यासाठी ज्याच्या हाती कुंचला देण्यात आला तो जपानी नव्हता, चिनीही नव्हता. तो बोधिसेन नावाचा दक्षिण भारतातील ब्राह्मण कुळात जन्मलेला भिक्षू होता. मंजुश्री बोधिसत्त्वाच्या दर्शनाच्या ओढीने तो चीनमधील वूताई पर्वतापर्यंत गेला होता. तेथे असता जपानी दूतांनी त्याला आमंत्रण दिले आणि ७३६ साली तो जपानात उतरला. बरोबर चिनी भिक्षू दोसेन होता आणि चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागातला, बुत्तेत्सु होता. नारातील दाइआनजी ह्या विहारात राहून बोधिसेनाने अध्यापन केले. जपानी लोक त्याला ‘बारामोन सोजो’, म्हणजे ब्राह्मण आचार्य, म्हणत.

त्याच्या कुंचल्यास एक लांबलचक निळा रेशमी दोरा बांधला होता. जमलेल्यांनी तो हाती धरला होता, म्हणजे बुबुळ रेखणाऱ्या हाताचे पुण्य दोऱ्यावाटे सर्वांना पोहोचावे. आजारी माजी सम्राट, राज्यावर असलेली त्याची कन्या, सम्राज्ञी, भिक्षू, सारे त्या दोऱ्याने एका परक्या माणसाच्या बोटांशी जोडले गेले होते.

हे सांगत आम्ही मूर्तीच्या पायथ्याशी उभे होतो. मुलीने विचारले, “मग ते परत कधी गेले?”

“गेलेच नाहीत. ७६० साली येथेच वारले.”

थोडा वेळ ती वर बुद्धाच्या मुखाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “त्यांच्या आईला कोणी कळवले असेल का?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. बोधिसेनाविषयी आपल्याला जे काही कळते ते जपानी लेखांवरून. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, ७७० साली, शूएई नावाच्या शिष्याने त्याची स्मृतिप्रशस्ती लिहिली म्हणून तो उरला. तोदाइजीच्या स्थापनेत ज्या चार सत्पुरुषांना मान दिला जातो त्यांत सम्राट शोमू, ग्योकी आणि रोबेन ह्यांच्याबरोबर बोधिसेनाची गणना होते. आणि ज्या देशातून तो गेला, तेथे किती घरांत त्याचे नाव ठाऊक आहे?

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आज आपण पाहतो ते नेत्र बोधिसेनाने रेखलेले नाहीत. ११८० च्या आगीनंतर मूर्ती दुरुस्त करावी लागली. ११८५ साली निवृत्त सम्राट गो-शिराकावा ह्याने बोधिसेनाचाच कुंचला हाती घेऊन पुन्हा डोळे उघडले. १५६७ साली पुन्हा युद्ध, पुन्हा आग. मस्तक गळून पडले. डोक्यावर उभारलेले तात्पुरते छप्पर १६१० च्या वादळात कोसळले आणि त्यानंतर कित्येक दशके बुद्ध पावसात बसून राहिला. अखेर कोकेई नावाच्या भिक्षूने देशभर हिंडून वर्गणी गोळा केली. १६९२ साली मूर्ती पुरी झाली. १७०५ साली तो वारला आणि १७०९ साली मंदिर उभे राहिले. आठव्या शतकातील जे भाग उरले, त्यांत आसनाच्या काही कमळपाकळ्या आहेत. त्यांवर कोरलेली विश्वाची चित्रे अजून दिसतात. सभागृहासमोरचा अष्टकोनी ब्राँझचा दीपही त्याच काळचा. मूर्ती टिकते ती धातूमुळे नव्हे. ती पुन्हा उभी करणारे कोणी तरी प्रत्येक पिढीत निघते म्हणून, हे त्या जोडकामाकडे पाहताना समजते.

मंदिराच्या मागच्या बाजूस एका खांबाच्या बुंध्याला भोक आहे. ते बुद्धाच्या नाकपुडीएवढे असल्याचे सांगतात. त्यातून जो पार जाईल त्याचे कल्याण होते. मुलगी सहज निसटली. मी प्रयत्न केला नाही. बाहेरच्या ओवरीत लाल वस्त्र ल्यालेली एक झिजलेली लाकडी मूर्ती बसली आहे. ती बिंझुरूची, म्हणजे बुद्धशिष्य पिंडोल भारद्वाजाची. आपला जो अवयव दुखतो, मूर्तीच्या त्याच अवयवाला हात लावून मग स्वतःला लावायचा. पत्नीने त्याचा गुडघा चोळला. शेजारी एक जपानी आजीबाईही गुडघाच चोळीत होत्या. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. भाषा लागली नाही.

महाबुद्धाच्या मंदिरामागे थोडे चालून गेले की शोसोइन हे लाकडी कोठार दिसते. त्रिकोणी छेदाच्या तुळया एकावर एक रचून, उंच खांबांवर ते उभारले आहे. ७५६ साली शोमूच्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी त्याच्या पत्नीने, सम्राज्ञी कोम्योने, त्याच्या वस्तू महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या येथे जपल्या गेल्या. पाच तारांचे, शिंपल्यांची नक्षी जडवलेले एक वाद्य त्यांत आहे. ती जात मूळची भारतातली मानतात. बोधिसेनाचा कुंचला आणि तो निळा दोराही ह्याच संग्रहात आहे. वस्तू आता आधुनिक इमारतींत हलवल्या आहेत आणि दर शरदात त्यांपैकी काही नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. आम्ही गेलो त्या वर्षी दोरा मांडलेला नव्हता. आम्ही कुंपणाबाहेरून कोठाराला नमस्कार केला.

तेथून दगडी पायऱ्यांची एक वळणदार वाट टेकडीवर निगात्सुदोकडे चढते. ‘निगात्सुदो’ म्हणजे दुसऱ्या महिन्याचे मंदिर. अकरा मुखांच्या अवलोकितेश्वरापुढे लोकांच्या वतीने पापक्षालनाची प्रार्थना करण्याचा विधी येथे ७५२ साली, नेत्रोन्मीलनाच्याच वर्षी, सुरू झाला. तो आजतागायत एकदाही खंडित झालेला नाही. मंदिर १६६७ साली जळाले, तरी विधी चुकला नाही. दुसऱ्या महायुद्धातही चुकला नाही. आता तो मार्चच्या १ ते १४ तारखांना होतो. अकरा भिक्षू तो चालवतात, धगधगत्या मशाली सज्ज्यावरून फिरवल्या जातात, आणि बाराव्या रात्री उशिरा विहिरीतून पवित्र पाणी काढतात. पंढरीची वारी ज्याच्या घरात आहे, त्याला ह्या न चुकण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सज्ज्यावरून सारे नगर दिसते. आम्ही तेथेच बसून डबा खाल्ला नाही, कारण तो शिष्टाचार नव्हे. खाली चहाची मोफत सोय असलेल्या विसाव्याच्या जागी खाल्ला.

शेजारीच होक्केदो आहे, तोदाइजीच्या उभ्या वास्तूंतील सर्वांत जुनी, आठव्या शतकातील. आत अंधार आहे आणि बोलण्यास मनाई. मध्यभागी अमोघपाश अवलोकितेश्वर, आणि त्याच्या दोन बाजूंस बोंतेन आणि ताइशाकुतेन. म्हणजे ब्रह्मा आणि इंद्र. दोघेही चिनी पद्धतीच्या पायघोळ वस्त्रांत, डोळे अर्धमिटले. परगावी स्थायिक झालेल्या काकांना वीस वर्षांनी भेटावे, त्यांनी तिकडचा पोशाख, तिकडची बोली पत्करलेली असावी, तरी बसण्याच्या ढबीवरून ते ओळखू यावेत, तसे वाटले. मात्र एक विचार मनाला टोचला. ओळख आम्ही त्यांची काढीत होतो. त्यांना आमची गरज राहिलेली नव्हती. त्यांची देखभाल करणारे लोक बाराशे वर्षे त्यांच्याजवळच होते.

टेकडीच्या पायथ्याने दक्षिणेस चालत गेले की अरण्य सुरू होते आणि कासुगा ताइशाचे दीप दिसू लागतात. ७६८ साली स्थापन झालेले हे शिंतो देवस्थान. वाटेच्या दोन्ही अंगांस शेवाळलेले सुमारे दोन हजार दगडी दीपस्तंभ, आणि आत ओवऱ्यांत टांगलेले सुमारे एक हजार धातूचे दीप. सरदारांपासून साध्या वाण्यापर्यंत अनेकांनी शतकानुशतके नवसाने ते वाहिले आहेत. फेब्रुवारीच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्यावर ते सारे उजळतात. शेंदरी खांबांचे हे मंदिर दर वीस वर्षांनी डागडुजी करून नवे केले जाते. २०१६ साली अशी साठावी खेप पुरी झाली. मागच्या डोंगरातील झाडे तोडण्यास ८४१ सालापासून बंदी आहे, त्यामुळे भरवस्तीला लागून आदिम अरण्य टिकले आहे. आपल्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे शहाणपण परके वाटणार नाही. मुलीने दोन टाळ्या वाजवून देवाला हाक मारली.

देवस्थानापासून झाडीतून एक अरुंद पायवाट निघते. तिला ‘कुजबुजीची वाट’ म्हणतात. दोन्ही बाजूंस आसेबीची झुडपे दाट माजली आहेत, कारण ती विषारी असल्याने हरणे त्यांना तोंड लावीत नाहीत. ह्या वाटेने जुन्या वस्तीत उतरले की शिन्-याकुशिजी. येथे गर्दी नसते. शोमूच्या आजारातून मुक्ततेसाठी सम्राज्ञी कोम्योने ७४७ साली हे मंदिर उभारले, असे परंपरा सांगते. मधोमध भैषज्यगुरू बुद्ध, आणि त्याच्याभोवती वर्तुळात, बाहेर तोंड करून, बारा यक्षसेनापती. त्यांपैकी अकरा आठव्या शतकातील मातीचे आहेत. बारावा भूकंपात मोडल्यामुळे १९३१ साली नव्याने केला. भैषज्यगुरूचे डोळे विलक्षण मोठे आहेत. शोमूला नेत्ररोग होता, म्हणून ते तसे घडवले, असे सांगतात. सकाळी ज्या राजाची मूर्ती पाहिली, त्याच्या पत्नीची काळजी संध्याकाळी पाहिली. सभागृहात आम्ही तिघेच होतो. कितीतरी वेळ कोणी बोलले नाही.

दिवस कलला तेव्हा पश्चिमेकडे वळून नारामाची ह्या जुन्या व्यापारी पेठेत आलो. लाकडी जाळ्यांची अरुंद घरे, आणि त्यांच्या मधोमध गांगोजी. त्याच्या छपरावर पिवळट, तांबूस, करडी अशी सरमिसळ कौले आहेत. जपानचे पहिले मोठे मंदिर आसुका येथून ७१८ साली हलवले तेव्हा आणलेली सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची काही कौले त्यांत आजही पाऊस झेलतात. अंगणात शेकडो छोटे दगडी स्तूप ओळीने मांडले आहेत. जपानात असे पाच भागांचे स्तूप जागोजाग आढळतात : तळाशी चौकोन ही पृथ्वी, वर गोल हे जल, मग तेज, वायू आणि शिखरावर आकाश. त्यांवर पुष्कळदा सिद्धम् लिपीतील संस्कृत अक्षरे कोरतात. त्या लिपीला जपानीत ‘बोंजी’, म्हणजे ब्रह्माची अक्षरे, असे नाव आहे. वरून खाली ती ख, ह, र, व, अ अशी असतात. जपानी उच्चार होतो क्या, का, रा, बा, आ.

मी ती मुलीला म्हणून दाखवली. तिने खालून वर बोटाने हवेत काढली : अ, व, र, ह, ख. “हे तर आपले आहे,” ती म्हणाली. मग स्वतःच थांबून तिने दुरुस्ती केली, “म्हणजे, त्यांचेही आहे.”

दिवे लागण्याच्या सुमारास पुन्हा सारुसावा तळ्याकाठी आलो. कासवे दिसेनाशी झाली होती. पत्नीचा गुडघा, पिंडोलाच्या कृपेने असो वा चहामुळे असो, बोलत नव्हता. नारातील पश्चिम भागात एका मंदिराजवळ बोधिसेनाची समाधी दाखवतात. तेथे जाण्यास वेळ उरला नव्हता. पुढच्या वेळी सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवायची, असे ठरले.

बोधिसेनाच्या आईला कोणी कळवले नसेल, असेच वाटते. समुद्र मोठा, वाटा लांब. तथापि आता निदान एका घरात त्याचे नाव ठाऊक झाले आहे. परत आल्यावर मुलीने आपल्या वर्गात त्याच्यावर एक निबंध वाचला. त्यात तिने त्याचे गाव कोणते, हे लिहिण्यासाठी जागा कोरी सोडली होती.